शब्दांची मापे आणि पडद्यावरील रेखाटन : प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावर वर्तुळ काढावयाचे असेल, तर त्याचा मध्य कोठे असावा आणि त्रिज्या किती असावी हे ठरविण्याचा संपूर्ण अधिकार आज्ञावली लिहिणाऱ्याकडे असतो. रेषेचा आरंभबिंदू आणि अंत्यबिंदू तोच सांगतो, चौकटीची लांबीरुंदी तोच मुक्रर करतो, आणि यंत्र त्या हुकुमाची निमूटपणे तामिली करते. परंतु त्याच चौकटीत ‘एकूण जमा’ एवढे दोन शब्द लिहिण्याचा प्रसंग आला, की हा अधिकार एकाएकी संकोच पावतो. कारण ते शब्द किती जागा व्यापणार हे लिहिणाऱ्याच्या इच्छेवर नव्हे, तर ज्या अक्षरसंचात ते उमटणार त्या संचाच्या घडणीवर, अक्षरांच्या आकारमानावर आणि ज्या पडद्यावर वा कागदावर ते उमटणार त्याच्या बिंदूंच्या दाटपणावर अवलंबून असते. चित्रातील इतर सर्व वस्तूंना आपण माप देतो. शब्दाला मात्र त्याचे माप विचारावे लागते. बेसिक कुळातील भाषांमधून रेखाटन शिकविणाऱ्या पुस्तकांत रेषा, वर्तुळ, रंग यांची प्रकरणे विस्ताराने येतात आणि शब्दांची मोजणी मात्र एखाद्या तळटीपेत उरकली जाते. प्रस्तुत पुस्तकात हा क्रम मुद्दाम उलटा केला आहे, आणि तसे करण्यामागची भूमिका विशद करणे हे या प्रस्तावनेचे प्रयोजन आहे.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात असलेल्या डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोघा अध्यापकांनी, विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यालाही संगणक हाताळता यावा या हेतूने बेसिक भाषा रचिली, आणि १ मे १९६४ रोजी पहाटे तिच्यातील पहिली आज्ञावली चालली. त्या काळी या भाषेला पडदा ठाऊक नव्हता. टेलिटाइप यंत्राच्या कागदावर सर्व अक्षरे सारख्या रुंदीची उमटत. प्रिंट या आज्ञेतील स्वल्पविराम ओळीचे पंधरा-पंधरा अक्षरांचे पाच विभाग पाडी, आणि त्या विभागांत आकड्यांचे तक्ते आपोआप एकाखाली एक बसत. आलेख काढावयाचा तर प्रत्येक ओळीत हिशेबाने रिकाम्या जागा सोडून एकेक फुली उमटवावयाची, म्हणजे कागद वर सरकता सरकता वक्ररेषा आकार घेई. अशा यंत्रावर शब्दाचे माप घेणे म्हणजे त्यातील अक्षरे गणणे, याखेरीज दुसरा अर्थच संभवत नव्हता. लेन हे फलन शब्दातील अक्षरांची संख्या सांगे आणि तीच त्याची रुंदी असे. ही सवय यंत्रामुळे लागली होती. परंतु यंत्र बदलले, पडदे आले, अक्षरसंच बदलले, तरी ती सवय टिकली, आणि आजही अनेक आज्ञावलींमधील वाकड्या तक्त्यांचे व चौकटीबाहेर सांडलेल्या शब्दांचे मूळ तिच्यातच सापडते.

घरगुती संगणकांच्या काळात पडद्यावर बिंदूही आले आणि अक्षरेही आली, पण दोघांचा मुलूख एक नव्हता. इंग्लंडात १९८२ मध्ये निघालेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या यंत्राचे उदाहरण घ्यावे. त्याच्या पडद्यावर २५६ गुणिले १९२ बिंदू होते, आणि आठ गुणिले आठ बिंदूंचे एक घर याप्रमाणे ३२ रकाने व २४ ओळी होत्या. शब्द लिहिण्याच्या आज्ञेत ओळ आधी सांगावयाची, रकाना मागाहून, आणि ओळी वरून खाली मोजावयाच्या. बिंदू काढण्याच्या आज्ञेत आडवे अंतर आधी, उभे मागाहून, आणि उभे अंतर खालून वर मोजावयाचे. त्यातही तळच्या दोन ओळी यंत्राने स्वतःच्या कामासाठी राखून ठेविल्या होत्या, त्यामुळे रेखाटनाला उभ्या दिशेने १७६ बिंदूच उरत. ओळ १० व रकाना ५ येथे लिहिलेल्या अक्षराभोवती चौकट काढावयाची, तर त्याच्या घराचा डावा तळकोपरा आडव्या ४० व उभ्या ८८ या बिंदूवर येतो. पहिला आकडा रकान्याला आठाने गुणून मिळतो, आणि दुसरा १६८ मधून ओळीची आठपट वजा करून. मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमध्येही लोकेट या आज्ञेत ओळ आधी येते आणि पीसेट या आज्ञेत आडवे अंतर आधी येते. ही बाब किरकोळ समजून पुढे जाणाऱ्यास माझे आग्रहाचे सांगणे आहे की, अक्षर आणि रेषा यांची जेथे जेथे गाठ पडते, तेथे होणाऱ्या बहुतेक चुका या दोन दफ्तरांच्या वेगवेगळ्या मोजणीतून उद्भवतात. म्हणून पुस्तकाचे पहिले प्रकरण एका मोजणीचा दुसऱ्या मोजणीत तर्जुमा कसा करावा यालाच वाहिले आहे.

या गोंधळातून वाट काढण्याचा सर्वात शहाणा प्रयत्न, माझ्या मते, बीबीसी बेसिकमध्ये झाला. केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने ब्रिटिश नभोवाणी महामंडळाच्या संगणक-शिक्षणाच्या उपक्रमासाठी १९८१ मध्ये जे यंत्र काढले, त्याची बेसिक भाषा सोफी विल्सन यांनी लिहिली. आपल्याकडे १९८४ पासून शाळांत संगणक-साक्षरतेची जी ‘क्लास’ योजना केंद्र सरकारने राबविली, तिच्यासाठी हेच यंत्र निवडण्यात आले होते, त्यामुळे महाराष्ट्रातील काही वाचकांना त्याचा काळसर-पांढरट कळफलक अद्याप आठवत असण्याचा संभव आहे. या यंत्राचे अनेक दृश्यप्रकार होते: एकात ६४० गुणिले २५६ बिंदू, दुसऱ्यात ३२० गुणिले २५६, तिसऱ्यात १६० गुणिले २५६. परंतु रेखाटनाच्या आज्ञांना या बिंदूंचा पत्ता नसे. त्या सर्व आज्ञा १२८० गुणिले १०२४ अशा एका कल्पित पटावर चालत, ज्याचा उगम डाव्या तळकोपऱ्यात होता. प्रत्यक्ष पडद्यावर किती बिंदू आहेत याचा हिशेब यंत्र आपल्या आपण करी. भूमापकाच्या नकाशाचे प्रमाण बदलले म्हणून शेताची हद्द बदलत नाही, तद्वत् दृश्यप्रकार बदलला तरी त्रिकोण त्याच जागी, त्याच आकाराचा राही. फार तर त्याच्या कडा अधिक भरड दिसत. शिवाय व्हीडीयू ५ ही आज्ञा दिली की अक्षरेही घरांचा मुलूख सोडून रेखाटनाच्या मुलखात येत, आणि जेथे लेखणी उभी असेल तेथे, कोणत्याही बिंदूपासून, शब्द लिहिता येई.

आणि नेमके येथेच शब्दाचे वेगळेपण उघडकीस आले. कल्पित पटाच्या मापाने एका अक्षराची रुंदी पहिल्या प्रकारात १६, दुसऱ्यात ३२ आणि तिसऱ्यात ६४ होत असे, कारण अक्षर मुळात आठ प्रत्यक्ष बिंदूंचे बनलेले होते आणि बिंदूच रुंद झाला की अक्षरही रुंद होई. दहा अक्षरांच्या शब्दाभोवती ३२० मापाची चौकट ज्याने दुसऱ्या प्रकारात बेताने काढली, त्याची आज्ञावली तिसऱ्या प्रकारात चालविली तर चौकट ३२० चीच राही आणि शब्द ६४० चा होऊन अर्धा बाहेर पडे. भोवतालची सारी भूमिती स्थिर असताना शब्द तेवढा आपले माप बदलीत असे. ज्याला हे एक उदाहरण पूर्णपणे उमगले, त्याला पुढील प्रकरणांत प्रत्येक वेळी शब्दाला माप विचारण्याचा आग्रह का धरिला आहे हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

आकृतींच्या बाबतीत मात्र माप देण्याचा अधिकार निर्वेध होता असे समजू नये. आयबीएमच्या वैयक्तिक संगणकावर ३२० गुणिले २०० बिंदूंचा पडदा चारास तीन या प्रमाणाच्या काचेवर पसरलेला असे, त्यामुळे एकेक बिंदू रुंदीपेक्षा उंचीने अधिक होई, आणि दोन्ही दिशांना सारखेच बिंदू मोजून काढलेले वर्तुळ उभे लांबट दिसे. जीडब्ल्यू-बेसिकच्या वर्तुळ काढण्याच्या आज्ञेत यासाठी पाच षष्ठांश, आणि ६४० गुणिले २०० च्या पडद्यासाठी पाच द्वादशांश, असा गुणक मुळातच घातलेला होता. सरळ रेषा चौकोनी बिंदूंच्या जाळीवर कशी बसवावी याची रीत आयबीएममधील जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ मध्ये शोधून १९६५ मध्ये प्रसिद्ध केली, आणि ती केवळ पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीवर चालत असल्यामुळे लहानशा यंत्रांनाही परवडली. तिचा तपशील या पुस्तकाच्या मर्यादेबाहेरचा आहे. रेषा कशी उमटते हे न कळताही ती कोठे उमटावी हे सांगता येते.

छापखान्यात काम केलेल्या माणसाला सारख्या रुंदीच्या अक्षरांचे हे जग सदैव परके वाटले असले पाहिजे. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याची देवनागरी टाइपांबद्दल जी कीर्ती झाली, त्या टाइपांत प्रत्येक खिळ्याची रुंदी त्या अक्षराच्या गरजेप्रमाणे होती, आणि ओळ जुळविणारा जुळारी ओळीची लांबी अक्षरांच्या संख्येने नव्हे तर प्रत्यक्ष मापाने भरीत असे. संगणकावर ही व्यवस्था सर्रास आली ती १९९० च्या आगेमागे, ट्रूटाइप अक्षरसंच आणि विंडोज यांच्याबरोबर. १९९१ मध्ये निघालेल्या व्हिज्युअल बेसिकने आपल्या खिडकीवरील मोजणीसाठी ट्विप हे एकक स्वीकारले, जे मुद्रकांच्या पॉइंटाचा विसावा भाग असून एका इंचात १४४० वेळा मावते. ज्यास ते नको असेल त्यास बिंदू, इंच, सेंटिमीटर किंवा स्वतः ठरविलेले कोणतेही प्रमाण निवडण्याची मुभा होती. या मुभेइतकीच महत्त्वाची अशी दोन फलने तेथे होती, टेक्स्टविड्थ आणि टेक्स्टहाइट. पहिले दिलेल्या शब्दाची रुंदी सांगे, दुसरे उंची, आणि दोन्ही उत्तरे त्या वेळी चालू असलेल्या एककातच मिळत. शब्द मध्यभागी आणण्यासाठी खिडकीच्या रुंदीतून टेक्स्टविड्थचे उत्तर वजा करून बाकी निम्मी करावयाची आणि तेथून लिहावयास आरंभ करावयाचा. अक्षरगणनेचे जुने सूत्र आणि हे सूत्र यांचा आकार एकच आहे, परंतु जेथे संख्या होती तेथे माप आले आहे. रिचर्ड रसेल यांच्या विंडोजवरील बीबीसी बेसिकमध्ये हेच काम विड्थ या फलनाने होते, आणि त्याचे उत्तर रेखाटनाच्या त्याच कल्पित पटाच्या एककात येते, ज्यात तेथे प्रत्येक बिंदू दोन एककांचा धरिला जातो. याउलट मायक्रोसॉफ्टने नवशिक्यांसाठी २००८ मध्ये काढलेल्या स्मॉल बेसिकमध्ये शब्द रेखाटण्याच्या आज्ञा आहेत, परंतु शब्द मोजण्याची आज्ञा नाही; ती भाषा इतर सर्व बाबतींत मुलांच्या सोयीचा विचार करणारी असल्याने ही उणीव विशेष जाणवते, कारण नवशिक्याला अंदाजाने जागा सोडावयास शिकविणे म्हणजे जी सवय मोडावयाची तीच त्याच्या अंगी बाणविणे होय.

मोजण्याची आज्ञा हाती आली म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे नाही. मोजताना जो अक्षरसंच आणि जे आकारमान चालू होते, तेच लिहितानाही चालू असले पाहिजे, ही अट ऐकावयास इतकी साधी आहे की तिचा भंग झाल्याचे कोणाच्या ध्यानातच येत नाही. एखाद्या आज्ञेने मधल्या मध्ये अक्षरे ठळक केली की पूर्वीचे माप रद्द झाले असे समजावे. प्रत्येक अक्षर स्वतंत्र मोजून त्यांची बेरीज केली तर ती सबंध शब्दाच्या मापाशी जुळेलच अशी खात्री देता येत नाही, कारण प्रत्येक वेळी पूर्ण बिंदूपर्यंत केलेल्या काटछाटीचा फरक साचत जातो आणि काही संचांत विशिष्ट अक्षरजोड्या एकमेकींच्या जवळ सरकविलेल्या असतात. यास्तव जे लिहावयाचे आहे ते सबंधच मोजावे. तिरप्या अक्षरांचे शेवटचे टोक मापाबाहेर झुकते, आणि चौकट अगदी मापाबरहुकूम काढली तर ते टोक चौकटीच्या रेषेला छेदते. उंचीचा प्रश्न याहून नाजूक आहे. व्हिज्युअल बेसिकमध्ये लेखनाचा आरंभबिंदू अक्षराच्या वरच्या डाव्या कोपऱ्याशी असतो. त्यामुळे एकाच ओळीत मोठ्या आकाराचे शीर्षक आणि लहान आकाराची टीप शेजारीशेजारी लिहिली, तर दोघांचे माथे जुळतात पण पाये जुळत नाहीत, आणि ते दुरुस्त करण्यास लागणारे, पायरेषेपासून माथ्यापर्यंतचे माप मिळविण्यासाठी विंडोजच्या अंतर्गत फलनांकडे अर्ज करावा लागतो. हे सर्व पडद्यापुरते. तोच मजकूर प्रिंटरवर पाठविताना माप पुन्हा, प्रिंटरलाच, विचारावे लागते. केमेनी आणि कर्ट्झ यांनीच पुढे काढलेल्या ट्रू बेसिकमध्ये खिडकीच्या चारही कडांना हवे ते आकडे देण्याची आणि शब्द दिलेल्या बिंदूच्या डावीकडे, मध्यावर वा उजवीकडे टेकविण्याची सोय भाषेतच केली होती. मोजणीचा बराचसा भार तेथे यंत्राने उचलला, आणि त्याबद्दल त्या रचनेची जेवढी वाहवा व्हावयास हवी होती तेवढी झालेली नाही.

आता आपल्या लिपीकडे वळतो, कारण मराठीत हे पुस्तक लिहिण्याचे खरे कारण तेथे आहे. आठ गुणिले आठ बिंदूंच्या घरात देवनागरी बसविण्याचा प्रयत्न ज्यांनी केला असेल, त्यांना तिची अडचण ठाऊक आहे: शिरोरेषेला एक ओळ, वरील मात्रेला निदान दोन, खालील उकाराला दोन, मग अक्षराच्या देहाला तीनच ओळी उरतात, आणि तीन ओळींत ‘ख’ व ‘झ’ यांचा भेद दाखविणे अशक्यप्राय आहे. आयआयटी कानपूर येथे आरंभ होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये पूर्णत्वास गेलेल्या जिस्ट तंत्राने या अडचणीवर मूलगामी उपाय शोधला. साठविण्याचे संकेत उच्चाराच्या क्रमाने ठेवावयाचे आणि दृश्य आकार त्यांपासून स्वतंत्रपणे घडवावयाचा, हे त्यातील तत्त्व होते. हेच तत्त्व इस्की या भारतीय प्रमाणकाचा पाया ठरले आणि युनिकोडने देवनागरीचा आपला विभाग इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतला. परिणामी साठविलेल्या संकेतांची संख्या आणि दिसणाऱ्या अक्षरांची रुंदी यांचे नाते आपल्या लिपीत पुरते तुटले आहे. ‘क्षि’ हा डोळ्यांना एक आकार आहे. साठवणीत तो क, हलन्तचिन्ह, ष आणि ऱ्हस्व वेलांटी असे चार संकेत आहे. आणि यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक संकेताला तीन बाइट लागत असल्याने, बाइट मोजणारे लेन त्याची लांबी १२ सांगते. यांपैकी एकाही आकड्यावरून तो पडद्यावर किती जागा घेईल हे सांगता यावयाचे नाही.

याहून बोधप्रद उदाहरण मराठी शाळेत व्याकरण शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असते: ‘आचाऱ्यांना’ जेवण करावयास सांगितले जाते आणि ‘आचार्यांना’ वंदन केले जाते. पहिल्या शब्दातील ऱ स्वतंत्र संकेताने लिहिला, तर दोन्ही शब्दांत संकेत दहा-दहाच भरतात, बाइटही तीस-तीसच होतात, आणि लेन दोघांना एकाच मापाने तोलते. परंतु पहिल्यातील अर्धा र य-च्या आधी आपली जागा घेऊन बसतो, तर दुसऱ्यातील रफार शिरोरेषेवर चढून आडवी जागा मुळीच घेत नाही. एकाच अक्षरसंचात, एकाच आकारमानात हे दोन शब्द एकाखाली एक लिहून त्यांच्या उजव्या कडा पाहाव्यात. मोजणी आणि गणना यांतील भेद इतक्या थोडक्यात दाखविणारा दाखला इंग्रजीच्या पुस्तकांत मला आढळला नाही.

या लिपीत अक्षर अक्षर सुटे मोजून, सुटे लिहिण्याची रीत तर सर्वथा वर्ज्य समजावी. तसे केल्यास शिरोरेषेत खंड पडतो, जोडाक्षर फुटून हलन्तचिन्ह उघडे पडते, आणि साठवणीत व्यंजनामागून येणारी परंतु दिसताना त्याच्या आधी बसणारी ऱ्हस्व वेलांटी निराधार होते. लांब मजकुराच्या ओळी पाडताना तुकडा केवळ शब्दांमधील मोकळ्या जागेवर करावा, प्रत्येक नवा शब्द जोडून सबंध ओळ पुन्हा मोजावी, आणि माप हद्दीबाहेर गेल्यास तो शेवटचा शब्द पुढील ओळीत न्यावा. ही पद्धत किंचित सावकाश चालते खरी, पण आजच्या यंत्रांना तो भार जाणवत नाही. उंची मोजतानाही ऋकार, उकार आणि खाली जाणारी जोडाक्षरे यांसाठी पुरेशी जागा सोडावी, अन्यथा वरच्या ओळीचा ‘कृ’ खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.

पुस्तकातील बहुतेक आज्ञावली विंडोजवरील बीबीसी बेसिकमध्ये लिहिल्या असून जेथे व्हिज्युअल बेसिकची रीत भिन्न आहे तेथे ती शेजारी दिली आहे. रंगांचे मिश्रण, चलच्चित्रे आणि त्रिमितीय रेखाटन यांना येथे स्थान दिलेले नाही. वाचकाने प्रत्येक आज्ञावली निदान दोन भिन्न अक्षरसंचांत आणि दोन भिन्न आकारमानांत चालवून पाहावी, आणि एका ठिकाणी नीट बसलेली चौकट दुसऱ्या ठिकाणी शब्दाला अपुरी पडली, तर अक्षराचा आकार कमी करण्याची घाई न करता, जेथे मापाऐवजी एखादा आकडा गृहीत धरून लिहिला गेला आहे ती ओळ शोधून काढावी आणि त्या आकड्याच्या जागी मोजण्याचे फलन घालून ती आज्ञावली पुन्हा चालवावी.